मदतीला धावण्याआधी

(खरगपूर येथील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात गेल्या वर्षी चौथ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनियर असून मंडळाचे जुने सभासद आहेत. – संपादक)



दरवर्षी या व्यासपीठावर प्राध्यापक मंडळी बोलतात, डॉक्टर बोलतात, कीर्तनकार येतात. यंदा सचिवांनी मला उभे केले आहे. मी सोलापूरच्या तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला, डबे आणि वाघिणी दुरुस्त करणारा माणूस. भाषणापेक्षा जॅक आणि पाने हाताळायची सवय जास्त. तेव्हा बोलण्यात काही कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

विषय आहे आपत्ती आणि मदतकार्याचे शिक्षण. गणपती हा विघ्नहर्ता, त्यामुळे त्याच्यासमोर विघ्नांची चर्चा करणे कुणाला अप्रस्तुत वाटू नये.

काही वर्षांपूर्वी, चाळिशी ओलांडल्यावर, मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे आपल्या इग्नूचा, आपत्ती व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरशिक्षणाने केला. नावाला सहा महिन्यांचा. ड्युटी सांभाळून, स्वाध्याय हाताने लिहून काढत, मला पूर्ण करायला दीड वर्ष लागले. त्या काळात दोन प्रश्न मला सतत विचारले गेले. पहिला, "प्रमोशनला याचा काही उपयोग आहे का?" त्याचे उत्तर सोपे होते, नाही. दुसरा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा होता. शेडमधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो, माणूस बुडत असेल तर उडी मारायची, घर जळत असेल तर पाणी टाकायचे. यात विद्यापीठात जाऊन शिकण्यासारखे काय आहे?"

आज मी त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. आणि शेवटी आपल्या मंडळापुढे दोन-तीन विनंत्या ठेवणार आहे, कारण मंडळाच्या मदत निधीचे काय करायचे हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे.

आधी आपल्या रेल्वेचेच बघू. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी रात्री-अपरात्री हूटर ऐकलेला आहे. हूटर किती वेळा आणि किती लांब वाजला यावरून घरातल्या बायकांनासुद्धा कळते की यार्डातच काही झाले आहे की बाहेर लाइनवर, आणि मेडिकल व्हॅन निघणार आहे की नाही. मेडिकल व्हॅन किती वेळात सुटली पाहिजे, हेही ठरलेले आहे. दोन्ही टोकांना वाट असलेल्या सायडिंगवरून १५ मिनिटांत. ब्रेकडाऊन, म्हणजे क्रेनसह निघणारी रिलीफ ट्रेन, दिवसा ३० मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत. व्हॅनमध्ये कुठल्या कपाटात काय, चावी कुणाकडे, दुसरी चावी कुठे, सगळे लिहून ठेवलेले. काही घडलेले नसतानाही मधूनमधून सराव होतोच. नव्या पोरांना तो कंटाळवाणा वाटतो.

हे सारे कशासाठी? प्रत्यक्ष प्रसंगी माणसाची बुद्धी चालत नाही म्हणून. अंधार, आरडाओरडा, वाकलेले पत्रे, आणि त्यात कटिंगचे सामान कुठे आहे हे शोधत बसलो तर आतला माणूस जातो. म्हणून शांत डोक्याने आधीच ठरवून ठेवायचे. तेव्हा माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी म्हटले, साहेब, तुम्ही स्वतः वीस वर्षे हाच विषय शिकत आला आहात. फक्त रेल्वे तो रुळांपुरता शिकवते. विद्यापीठ तो गावापर्यंत नेते.

आता विद्यापीठाने मला नवे काय दिले ते सांगतो.

पहिला धडा असा की धोका वेगळा आणि आपत्ती वेगळी. भूकंप हा धोका. त्याची आपत्ती होते ती आपल्या घरांमुळे, आपल्या गरिबीमुळे, आपल्या तयारीच्या अभावामुळे. आपल्याकडचे उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावे. किल्लारी आणि आसपासच्या लातूर-उस्मानाबाद भागातली सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होतो, सोलापुरात. घरातली भांडी वाजली आणि आम्ही सगळे रस्त्यावर आलो, एवढेच आठवते.

भूकंपाची ताकद रिश्टर मापावर सहाच्या थोडी वर होती. एवढ्या ताकदीचे भूकंप जपानात होतात आणि सहसा इतकी माणसे मरत नाहीत. मग आपल्याकडे का मेली? मराठवाड्यातले माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना लगेच कळेल. दगड आणि मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, आणि वर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून टाकलेला मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती. त्या भिंतीत आतला दगड आणि बाहेरचा दगड यांना बांधणारा लांब दगड नाही. हादरा बसला की भिंत उभी फाटते, दोन्ही बाजूंना कोसळते, आणि माळवद खाली झोपलेल्या माणसांवर येते. म्हणजे माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो, पण मेली ती घराखाली.

आम्हा इंजिनियरांना हे पटकन समजते. एक्सल तुटला की आपण नुसते 'नशीब' म्हणून थांबत नाही, तो का तुटला ते शोधतो. आपत्तीचे शास्त्र तेच करते. पुस्तकात त्याचे एक साधे सूत्र आहे. धोका, त्याच्या वाटेत येणाऱ्या माणसांचा दुबळेपणा आणि त्यांची तोंड देण्याची ताकद, या तिन्हींवर जोखीम ठरते. धोका आपल्या हातात नाही. बाकीचे दोन्ही आहेत.

हे नुसते पुस्तकातले नाही, हे आपल्या शेजारच्या राज्याने करून दाखवले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात महाचक्रीवादळ आले. इथले जुने लोक अजून त्याच्या आठवणी सांगतात. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. वादळ येणार हे माहीत होते, परंतु इशारा खेड्यात पोचण्याची साखळी नव्हती, आणि पोचला तरी जायचे कुठे? पक्के निवारे मोजकेच होते. त्याच वर्षी ओडिशाने राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण काढले. देशाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००५ मध्ये आला. २००१ मध्ये त्यांनी स्वतःचे बचाव दल उभे केले. किनाऱ्यावर चक्रीवादळ निवारे बांधले. एरवी त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी शाळा भरते, वादळ आले की गाव तिथे जातो. गावोगाव स्वयंसेवक नेमले. म्हाताऱ्यांना कोण उचलून नेणार, गरोदर बाईला कोण, ढोरांचे काय करायचे, याची वाटणी आधीच झालेली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा जवळजवळ दहा लाख माणसे हलवली गेली आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मे २०१९ मध्ये फानी पुरीजवळ धडकले. सुमारे बारा लाख माणसे हलवली. आपल्या गाड्या आधीच रद्द झाल्या होत्या, ते सर्वांना आठवत असेल. ओडिशात ६४ माणसे गेली. एक माणूस गेला तरी त्याच्या घरासाठी तो शंभर टक्के असतो, हे खरे. तरी दहा हजार कुठे आणि ६४ कुठे! सगळी वादळे सारख्या जोराची नसतात, हे मान्य करूनही हा फरक वाऱ्याने पाडलेला नाही. मधल्या वीस वर्षांतल्या कामाने पाडलेला आहे. आणि त्यातले बहुतेक काम निरभ्र आकाशाखाली, कुणाचे लक्ष नसताना झालेले आहे.

दुसरा धडा आकड्यांचा. मदतकार्य करणाऱ्या जगभरच्या संस्थांनी १९९७ पासून एकत्र बसून किमान प्रमाणे ठरवली. त्यांना 'स्फिअर' प्रमाणे म्हणतात. छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. झोपायला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. सुरुवातीच्या दिवसांत पन्नास माणसांमागे एक संडास आणि लवकरात लवकर वीस माणसांमागे एक. बायकांचे वेगळे, उजेडात, आतून कडी लागेल असे.

हिशेब करून बघा. पूर आला की आपण म्हणतो, पाचशे लोकांना शाळेत ठेवा. पाचशे माणसांना रोज साडेसात हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे पाच हजारांचे दीड टँकर. संडास पहिल्यांदा दहा, मग पंचवीस. शाळेत किती असतात? आणि जागा? वीस फूट बाय पंचवीस फुटांच्या वर्गात साधारण तेरा माणसे नीट झोपतील. दहा वर्गांची शाळा म्हणजे एकशे तीस. उरलेली पावणेचारशे कुठे? हा हिशेब आधी केला नाही तर तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात, आणि पुरातून वाचलेले मूल छावणीत दगावते. आपण दुसऱ्या दिवशी पुरीभाजीची पाकिटे वाटून समाधानाने घरी आलेलो असतो.

हे सांगताना मला भावनेची थट्टा करायची नाही. भावना नसेल तर कुणी हलणारच नाही. पण भावनेला माप लावावे लागते, एवढेच म्हणायचे आहे.

तिसरा धडा थोडा कडू आहे. न विचारता केलेली मदत कधीकधी ओझे होते. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिनमकडे देशभरातून ट्रक गेले. त्यांत जुन्या कपड्यांचे डोंगर होते. समुद्रावर स्वाभिमानाने जगणाऱ्या कोळी लोकांना दुसऱ्याचे वापरलेले कपडे नको होते. त्या ढिगांनी रस्त्यांच्या कडा भरल्या, पावसात भिजले, कुजले, आणि ते उचलायला माणसे आणि गाड्या लावाव्या लागल्या. तीच माणसे आणि गाड्या दुसऱ्या कामाला हव्या होत्या. कोळ्यांना हवे होते काय? होड्या, जाळी, इंजिन. म्हणजे पुन्हा समुद्रावर जाता येईल असे काही.

त्याच सुनामीतला आणखी एक मुद्दा. नागपट्टिनम भागात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. पुरुष बरेचसे होड्या घेऊन खोल समुद्रात होते, जिथे लाट उंच होत नाही. बायका किनाऱ्यावर मासळीची वाट पाहत होत्या. त्यांना पोहता येत नव्हते, अंगावर साड्या, हाताशी मुले. लाट सगळ्यांना सारखीच आली, पण सगळे सारखे सापडले नाहीत. विद्यापीठात हे शिकवतात तेव्हा तुमच्या लक्षात येते की मदतीची यादी करताना 'कुटुंबे किती' एवढे विचारून भागत नाही. घरात कोण आहे, कुणाचे वय काय, कुणाला काय जमत नाही, हे विचारावे लागते.

जखमींचेही तसेच. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आपण आधी धावतो. शिकलेला माणूस आधी गप्प पडलेल्याकडे बघतो. जखमींना लाल, पिवळी, हिरवी आणि काळी पट्टी बांधण्याची पद्धत आहे. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळी म्हणजे थोडे थांबता येईल, हिरवी म्हणजे चालता येणारा. काळी कुणाला बांधायची हा निर्णय कुणालाही घ्यावासा वाटत नाही. म्हणूनच तो घेण्याची रीत आधी शिकून ठेवावी लागते.

चौथा धडा मी आपल्या घराजवळच्या प्रसंगावरून सांगतो, आणि तो सांगताना आवाज थोडा जड होतो. २ जून २०२३ ची संध्याकाळ. बालासोरच्या पुढे बहानगा बाजार. कोरोमंडल एक्सप्रेस, यशवंतपूर-हावडा आणि मालगाडी. २९० हून अधिक मृत्यू, जखमी हजाराच्या घरात. आपल्यापैकी कित्येक जण त्या रात्री ड्युटीवर होते, त्यांना मी काय सांगणार! अपघात का झाला हा आजचा विषय नाही. त्यानंतरच्या दोन गोष्टी तेवढ्या सांगतो.

एक म्हणजे, सगळ्यांच्या आधी तिथे पोचले ते गावकरी. मोबाइलच्या उजेडात, मिळेल ते हत्यार घेऊन. बालासोर, भद्रक, कटकला रक्त द्यायला रात्रीच रांगा लागल्या. जगात कुठेही हेच घडते. २०१८ च्या केरळच्या पुरात कोळी बांधवांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि हजारो माणसे काढली. सरकारी दल कितीही तत्पर असले तरी पहिला तास शेजाऱ्याचा असतो. म्हणून शेजारी शिकलेला असला पाहिजे. मणक्याला मार लागलेल्या माणसाला हातापायाला धरून ओढायचे नाही, एवढे जरी दहा जणांना माहीत असले तरी काही माणसे जन्मभर चालू शकतील.

दुसरे म्हणजे, जनरल डब्यातल्या माणसांची नावे कुठल्याच चार्टवर नसतात. मजुरीला मद्रासकडे निघालेली बंगाल, बिहार, ओडिशाची गरीब माणसे. ओळख पटवायला डी.एन.ए. तपासण्या कराव्या लागल्या. चार महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, भुवनेश्वरला २८ मृतदेहांवर अंत्यसंस्कार झाले, ज्यांना न्यायला कुणी आले नव्हते. त्या अठ्ठावीस घरी कुणीतरी अजून फोनची वाट पाहत असेल. आणि बहानग्याच्या ज्या शाळेत रात्री मृतदेह ठेवावे लागले, त्या शाळेत जायला पुढे मुले घाबरू लागली. शाळेचा तो जुना भाग शेवटी पाडण्यात आला.

क्रेनने डबे उचलले, रूळ जोडले, गाड्या सुरू झाल्या. आपल्या नोंदवहीत काम संपले. पण मृतांना नाव मिळवून देणे, नातेवाइकांशी एकाच जागेवरून आणि एकाच तोंडाने बोलणे, मृतदेह कुठे ठेवायचे हे आधी ठरवणे, मुलांच्या मनातली भीती काढणे, हीसुद्धा मदतकार्याची अंगे आहेत. ती हूटरच्या यादीत नसतात. विद्यापीठाच्या पुस्तकात असतात.

आणि पाचवा धडा पुनर्वसनाचा. त्यासाठी पुन्हा किल्लारीकडे येतो. भूकंपानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली. जागतिक बँकेच्या साह्याने झालेले ते फार मोठे काम होते आणि अनेक घरे मजबूत झाली. परंतु नकाशे शहरी पद्धतीचे झाले. सरळ रुंद रस्ते, एकमेकांपासून लांब घरे. शेत दूर गेले, भावकी विखुरली, ढोरे बांधायची जागा राहिली नाही. बऱ्याच इतर गावांत मात्र लोकांना पैसे आणि तांत्रिक सल्ला देऊन आपापली घरे दुरुस्त करायला लावली. तिथे गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले होते. इंजिनियर काय सांगतो ते घरात समजावायचे आणि घरची अडचण इंजिनियरला सांगायची, हे त्यांचे काम. ते वाचले तेव्हा मला वाटले, आम्हा इंजिनियरांना नेहमीच अशी एखादी बाई शेजारी उभी पाहिजे.

आता तरुण मित्रांसाठी. बारावी झालेल्यांना आणि पदवीधरांना हा विषय शिकण्याच्या बऱ्याच वाटा आहेत. मुक्त विद्यापीठांतून दूरशिक्षणाने पदविकेपर्यंत जाता येते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचा स्वतंत्र विभाग असून तिथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दिल्लीची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था घरबसल्या करण्याजोगे छोटे अभ्यासक्रम चालवते. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी चौकशी करावी.

नोकरीचे विचाराल तर खरे तेच सांगतो. इंजिनियरिंगसारखी कॅम्पसवर येऊन कुणी उचलून नेईल अशी ही पदवी नाही. जिल्हा प्रशासनात, मदत संस्थांत, कारखान्यांच्या सुरक्षा विभागांत, विमा कंपन्यांत काम मिळते, पण शोधावे लागते. माझे मत असे की हा विषय दुसऱ्या एखाद्या विद्येवर चढवला तर जास्त शोभतो. आधी सिव्हिल इंजिनियर, नर्स, डॉक्टर, समाजकार्यकर्ता, नकाशे करणारा किंवा हिशेब ठेवणारा व्हा, आणि त्यावर हा विषय शिका. पुराच्या गावी नुसता आपत्ती शिकलेला माणूस काय करील? पण पाण्याची टाकी उभी करू शकणारा आणि आपत्ती शिकलेला माणूस सोन्याच्या मोलाचा.

पालकांनाही एक सांगतो. मुलगी हे शिकते म्हणाली तर 'हे बायकांचे काम नाही' म्हणू नका. छावणीत बायका आपल्या अडचणी पुरुष स्वयंसेवकाला सांगत नाहीत. तिथे मुलींची फार गरज असते.

शेवटी मंडळाबद्दल. अभ्यासक्रमाच्या वेळी मी सरावासाठी आपल्या कॉलनीतल्या तीन रांगांतली घरे फिरलो. शेजारच्या घरात मुलगा कितवीत आहे हे सर्वांना माहीत होते. पण शेजारच्या काकू इन्सुलिन घेतात आणि दोन दिवस वीज गेली तर ते कुठे ठेवायचे, हे फार थोड्यांना माहीत होते. आपण चक्रीवादळाच्या वाटेवरच्या गावात राहतो. २०२० चे अम्फान आणि २०२१ चे यास आपण पाहिले आहे. आपण इथे परमुलखात आहोत, काका-मामा पुण्या-नागपुरात. पहिल्या तासाला धावून येणार ते शेजारी, मग तो बंगाली असो, तेलुगू असो की ओडिया.

म्हणून माझी पहिली विनंती. मंडळाकडे वर्गणीसाठी घरांची यादी आहेच. त्यात आणखी दोन रकाने वाढवा. घरात एकटे राहणारे वृद्ध, आजारी, गरोदर कोण, आणि गरज पडल्यास त्यांच्याकडे पहिल्यांदा जाणारे दोन शेजारी कोण. ही यादी आपल्या लोकांपुरती ठेवू नका, रांगेतल्या सगळ्या घरांची करा.

दुसरी विनंती या मांडवाबद्दल. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मांडव पेटला. कृत्रिम धाग्याचे कापड, बाहेर पडायला वाट एक. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक मुले. आपल्या मांडवाला दोन दारे आहेत, पण मागच्या दारासमोर आत्ता खुर्च्यांची चळत आणि प्रसादाच्या भांड्यांचे टेबल आहे. भाषण संपल्यावर सर्वांनी मिळून ते हलवू या. दहा मिनिटांचे काम आहे. मुख्य स्विच कुठे आहे आणि तो कोण बंद करणार, हेही आजच ठरवू.

तिसरी विनंती निधीबद्दल. कुठे पूर आला की कपडे आणि धान्य गोळा करून ट्रक पाठवावा, असा प्रस्ताव येत असतो. त्यामागची तळमळ मी जाणतो. माझी सूचना अशी की निधीचा मोठा भाग रोख ठेवावा. प्रसंग आला की तिथल्या विश्वासू माणसाला किंवा जिल्ह्याच्या कार्यालयाला आधी विचारावे, काय हवे आणि कधी हवे, आणि तेवढेच पाठवावे. पहिल्या आठवड्यात सगळे धावतात. तिसऱ्या महिन्यात कुणी नसते, तेव्हा शाळेची वह्या-पुस्तके, शेळी, शिलाई मशीन हवे असते. आपण तिसऱ्या महिन्यात पोचू या. आणि निधीचा लहान भाग दरवर्षी आपल्या वस्तीतल्या दोन तरुणांच्या, एक मुलगा व एक मुलगी, प्रथमोपचार आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी द्यावा. पाच वर्षांत दहा शिकलेले शेजारी तयार होतील. ट्रक एकदाच जातो, हे दहा जण इथे राहतील, आणि नोकरीनिमित्त गेलेच तर जिथे जातील तिथल्या शेजाऱ्यांच्या उपयोगी पडतील.

सभेत या सूचनेवर विरोधी मतेही यावीत, अशी माझी इच्छा आहे. ट्रकमागे ज्यांनी रात्री जागून गठ्ठे बांधले त्यांचा अनुभव माझ्या पुस्तकी ज्ञानापेक्षा मोठा असू शकतो. दोन्ही एकत्र आले तर उत्तमच.

माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले होते, यात शिकण्यासारखे काय. बुडणाऱ्याला काढायला उडी जरूर मारावी. पण उडी मारणाऱ्याला पोहता येते की नाही, हा प्रश्न नदीकाठी उभे राहून सोडवता येत नाही. तो आधी कधीतरी, तळ्यावर जाऊन, रोज थोडा थोडा सोडवावा लागतो.

आरतीला अजून अर्धा तास आहे, असे सचिव सांगत आहेत. तेवढ्यात मागच्या दारासमोरच्या खुर्च्या हलवू या. तरुण मंडळींनी कृपया पुढे यावे.

गणपती बाप्पा मोरया!